दाखल्यातला धनी म्हणजे देवच का?

नवापूर तालुक्यातील एका ख्रिस्ती मंडळीत रविवारचा उपदेश करणाऱ्या तरुण प्रचारक बंधूंनी दोन प्रसंग कळवून एक प्रश्न विचारला आहे. द्राक्षमळ्यातील मजुरांचा दाखला, म्हणजे येशूने सांगितलेली बोधकथा (मत्तय २०:१-१६), त्यांनी सांगितल्यावर, निंदणीला आणि वेचणीला जाणाऱ्या एका वयस्क बाईंनी विचारले की मळ्याचा धनी म्हणजे देव असेल, तर दिवसभर उन्हात राबलेल्याला आणि तासभर काम केलेल्याला सारखाच रोज देणारा देव न्यायी कसा म्हणायचा. पुढे केव्हातरी तीन दासांच्या हाती पैसा सोपवणाऱ्या धन्याचा दाखला (मत्तय २५:१४-३०) निघाला, तेव्हा कॉलेजात शिकणाऱ्या एका मुलाने पैसा जमिनीत पुरून ठेवणाऱ्या तिसऱ्या दासाची बाजू घेतली. जो न पेरता कापतो अशा सावकाराची धन करण्यास त्या दासाने नकार दिला, मग अंधारात त्यालाच का टाकले, असे त्याचे म्हणणे होते. प्रचारक बंधूंचा प्रश्न असा आहे की दाखल्यातला धनी, राजा किंवा न्यायाधीश म्हणजे प्रत्येक वेळी देवच समजायचा का, आणि तसे नसेल तर ते कशावरून ठरवायचे.

प्रत्येक वेळी नाही, हे माझे उत्तर आहे; आणि ते ठरवण्याचे साधन दाखल्याच्या बाहेरून आणावे लागत नाही. दाखला कोणाला सांगितला, त्याच्या आधी कोणता प्रश्न विचारला गेला होता आणि त्याच्या लगेच नंतर काय घडते, एवढे पाहिले तर धनी कोण हे बहुतेक ठिकाणी शुभवर्तमानकार, म्हणजे दाखला लिहून ठेवणारा मत्तय, मार्क किंवा लूक, स्वतःच सांगतो. आपण उपदेशासाठी दाखला तेवढा कापून घेतो आणि आजूबाजूच्या ओळी मागेच सोडतो, म्हणून कोडे पडते. दाखले शिकवण्याच्या कामात मला जे अडथळे वारंवार दिसले, त्यांतला हा सर्वांत मोठा आहे.

त्या बाईंचा आणि त्या मुलाचा प्रश्न अश्रद्धेतून आलेला नाही, हे आधी मान्य केले पाहिजे. खान्देशात ‘धनी’ हा शब्द कोरा नाही. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) ज्यांचे साल ठरत असे, अंगावर उचल असल्यामुळे ज्यांना दुसऱ्या दारी जाता येत नसे, अशा सालदारांची, म्हणजे वर्षाच्या करारावर राबणाऱ्या शेतगड्यांची, नातवंडे आज आपल्या मंडळ्यांत बसतात. शहादा-तळोदा भागात १९७२ साली श्रमिक संघटना उभी राहिली ती भिल्ल सालदारांच्या व रोजंदारीवरील मजुरांच्या मजुरीच्या आणि हातून गेलेल्या जमिनींच्या प्रश्नांवरच. त्या काळाच्या आठवणी ज्या घरांत सांगितल्या जातात, त्या घरातील माणसाने “माझे जे आहे त्याचे मी माझ्या मर्जीप्रमाणे करू नये काय?” हे धन्याचे वाक्य (मत्तय २०:१५) ऐकले, तर त्याला ते पूर्वी कोठे ऐकले होते ते आठवणारच. ऊसतोडीसाठी सुरत, बारडोलीकडे जाणाऱ्या कुटुंबाला मुकादमाचा हिशोब आठवेल. हे ऐकणे चुकीचे नाही, कारण येशूचे पहिले श्रोतेही गालिलातले कूळ, वाटेकरी आणि मजूर होते, आणि त्यांनाही जमीनदार कसा बोलतो हे ठाऊक होते.

दाखल्यातील प्रत्येक वस्तूला एकेक अर्थ चिकटवण्याची सवय मात्र फार जुनी आहे. पाचव्या शतकात उत्तर आफ्रिकेतील बिशप ऑगस्टीन यांनी वाटेत लुटलेल्या जखमी प्रवाशाला सरायीत नेणाऱ्या चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्याचा असाच उलगडा केला होता: जखमी प्रवासी म्हणजे आदाम, सराय म्हणजे ख्रिस्तसभा आणि सरायवाला म्हणजे प्रेषित पौल. हे वाचायला गोड आहे, पण तो दाखला ज्या प्रश्नावर सांगितला तो “माझा शेजारी कोण?” हा शास्त्र्याचा प्रश्न (लूक १०:२९) या उलगड्यात कोठल्या कोठे जातो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मन अभ्यासक ॲडॉल्फ ज्युलिखर यांनी याच्या अगदी उलट टोक गाठले. दाखल्याला एकच मुद्दा असतो, बाकी तपशील गोष्टीपुरता असतो, असे त्यांनी ठामपणे मांडले. त्यांनी पुष्कळ केरकचरा झाडून काढला हे खरे, परंतु निदणाच्या दाखल्यात “चांगले बी पेरणारा हा मनुष्याचा पुत्र आहे” (मत्तय १३:३७) असे येशू स्वतःच सांगतो, तेव्हा तपशिलाला अर्थ नसतोच असे म्हणता येत नाही. सरसकट नियम दोन्हीकडे तुटतो, म्हणून प्रत्येक दाखल्याला त्याच्या जागीच विचारावे लागते.

जेथे उत्तर उघड आहे अशी दोन ठिकाणे आधी पाहू. मार्क १२:१-१२ मधील मळेकऱ्यांच्या दाखल्यात मनुष्य द्राक्षमळा लावतो, कुंपण घालतो, द्राक्षकुंड खणतो, माळा बांधतो आणि मळा खंडाने देऊन परदेशी जातो; मळेकरी त्याचा वाटा मागायला आलेल्या दासांना आणि शेवटी त्याच्या मुलालाही मारतात. ही सामग्री यशया संदेष्ट्याच्या पाचव्या अध्यायातील द्राक्षमळ्याच्या गीतातली आहे, आणि तेथे “सेनाधीश परमेश्वराचा द्राक्षमळा म्हणजे इस्राएलाचे घराणे” असे स्पष्ट म्हटले आहे. मंदिरात उभे राहून ऐकणाऱ्या याजकांना आणि शास्त्र्यांना ते गीत पाठ होते, म्हणूनच दाखला आपल्यावर रोखलेला आहे हे त्यांनी ताबडतोब ओळखले, असे मार्क नोंदवतो. येथे धनी म्हणजे देव, यात शंका नाही. याउलट लूक १८:१-८ मध्ये एका गावात एक न्यायाधीश आहे. तो देवाला भीत नाही, माणसाची भीड धरत नाही आणि विधवेच्या सततच्या खेट्यांना कंटाळून निकाल देतो. येशू त्याला ‘अन्यायी’ म्हणतो आणि लगेच विचारतो की असा माणूसही निकाल देतो, तर देव आपल्या निवडलेल्यांचा न्याय करणार नाही काय. येथे न्यायाधीश देवाच्या जागी बसवलेला नाही, उलट हलक्याकडून भारीकडे जाणारा तर्क आहे. ज्यू धर्मगुरूंच्या वादविवादांत तर्काची ही रीत नेहमीची होती. मध्यरात्री भाकरी मागायला आलेल्या मित्राला दार न उघडणारा शेजारी (लूक ११:५-८) याच प्रकारात बसतो. म्हणजे अधिकाराच्या जागी बसलेली व्यक्ती देवाची प्रतिमा असू शकते, तशी देवाच्या उलटही असू शकते, आणि दोन्ही ठिकाणी मजकूरच तसे सांगतो.

आता त्या बाईंच्या प्रश्नाकडे येऊ. मत्तयाचा विसावा अध्याय “कारण स्वर्गाचे राज्य एका घरधन्यासारखे आहे” असा सुरू होतो. ‘कारण’ म्हणजे आधीच्या कशाचे तरी कारण. अध्यायांची विभागणी मत्तयाने केलेली नाही. ती तेराव्या शतकाच्या प्रारंभी कँटरबरीचे आर्चबिशप स्टीफन लँग्टन यांच्या नावाशी जोडली जाते, आणि वचनांचे आकडे पॅरिसचे मुद्रक रोबेर एतियेन यांनी १५५१ साली नव्या कराराला दिले. या विभागणीने दाखला आपल्या मुळापासून तोडला गेला. एकोणिसाव्या अध्यायात श्रीमंत तरुण आपली मालमत्ता सोडवेना म्हणून खिन्न होऊन निघून जातो आणि त्यावर पेत्र म्हणतो, “पाहा, आम्ही सर्व सोडून आपल्यामागे आलो आहो, तर आम्हांला काय मिळणार?” येशू त्याला वचन देतो, मोठे वचन देतो, आणि शेवटी जोडतो की पहिले ते शेवटले होतील व शेवटले ते पहिले. या वाक्यानंतर दाखला येतो आणि दाखल्याच्या शेवटी हेच वाक्य उलट क्रमाने पुन्हा येते. पुढे चार-पाच वचनांतच जब्दीच्या मुलांची, म्हणजे याकोब व योहान या शिष्यांची, आई आपल्या मुलांसाठी उजवी-डावी आसने मागायला येते. बक्षिसाच्या या दोन मागण्यांच्या मधोमध हा दाखला मत्तयाने बसवला आहे.

म्हणून दाखल्यातले पहाटेचे मजूर कोण, हे शोधायला दूर जावे लागत नाही. ते शिष्य आहेत. पुष्कळ उपदेशांत पहिले म्हणजे यहूदी आणि शेवटले म्हणजे अन्यराष्ट्रीय, असे सांगण्याची पद्धत आहे. ओरिगेन यांच्यासारख्या प्राचीन आचार्यांनी मळ्यात मजूर लावण्याच्या दिवसातल्या पाच वेळा म्हणजे आदामापासून ख्रिस्तापर्यंतची पाच युगे, किंवा माणसाच्या वयाच्या पाच अवस्था, असेही अर्थ दिले आहेत. परंतु मत्तयाच्या या ठिकाणी प्रश्न यहूद्यांनी विचारलेला नाही, पेत्राने विचारलेला आहे, आणि उत्तर त्यालाच मिळाले आहे. यहूद्यांवर रोख ठेवला की श्रोता मोकळा सुटतो. आपल्याकडे हा रोख कोठे वळायला हवा, हे मी सांगायला नको. ज्यांच्या पणजोबांनी मिशनच्या पहिल्या काळात बाप्तिस्मा घेतला ती घराणी आणि परवा विश्वासात आलेले पाड्यावरचे कुटुंब, यांच्यात पुढच्या रांगेवरून, कमिटीवरून आणि कधी कधी दफनभूमीतील जागेवरूनही जी कुरकुर चालते, तीच ही कुरकुर आहे.

ती कुरकुर नेमकी कशाची आहे, हे पाहा. पहाटे आलेल्या मजुरांचा एका दिनारावर करार झाला होता, आणि दिनार म्हणजे त्या काळचा मजुराचा दिवसाचा रोज. संध्याकाळी त्यांना दिनार मिळाला. त्यांच्या वाट्यातले काहीही कापले गेले नाही. शेवटच्यांनी एकच तास काम केले आणि आम्ही दिवसभराचे कष्ट व ऊन सोसले, तरी “त्यांना आमच्या बरोबरीचे केले” ही त्यांची तक्रार आहे (२०:१२). मजुरी कमी पडल्याची ही तक्रार नाही. शेजारी उभा असलेला माणूस आपल्याएवढा झाला, हे त्यांना सहन झालेले नाही. आणि ही तक्रार बाहेर यावी अशीच दाखल्याची रचना आहे. शेवटून आलेल्यांना आधी पैसे द्या, असे धनी कारभाऱ्याला सांगतो. उलट क्रमाने वाटप झाले असते, तर पहाटेचे मजूर दिनार कमरेला खोचून घरी गेले असते आणि दाखल्यात सांगण्यासारखे काही उरलेच नसते.

तरीही बाईंचा प्रश्न पूर्ण सुटला असे मी म्हणणार नाही, कारण ‘करार झाला होता’ हे उत्तर शहाद्याच्या जमीनदाराकडेही होते. अडलेल्या माणसाचा करार कसा होतो, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगले माहीत असेल. म्हणून या धन्याचे वागणे बारकाईने पाहावे लागते. त्याच्याकडे कारभारी आहे, तरी बाजारात तो स्वतः जातो, आणि एकदा नाही, दिवसातून पाच वेळा जातो. सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंतच्या बारा तासांपैकी अकराव्या तासाला, म्हणजे दिवस मावळायला तासभर उरला असता, शेवटची खेप होते. त्या वेळी नवे मजूर लावून मळ्याचे काही भले होणार नसते. रिकामे उभे असलेल्यांना तो कारण विचारतो, ते म्हणतात, “आम्हांला कोणी कामावर लावले नाही”, आणि तो त्यांना आळशी न ठरवता त्यांचे म्हणणे खरे मानतो. धुळ्याच्या किंवा नंदुरबारच्या नाक्यावर सकाळी जो उभा राहिला आहे आणि ऊन चढले तरी ज्याला कोणी नेले नाही, त्याला या एका वाक्याचे वजन कळते. धट्टेकट्टे आधी उचलले जातात. उरतात ते म्हातारे, अशक्त आणि ज्यांची कोणाशी ओळख नाही असे. अर्धा दिनार घेऊन घरी गेले असते, तर त्या रात्री अर्धे घर उपाशी निजले असते. धन्याने तासाचा हिशोब केला नाही, घराचा केला.

“माझ्या मर्जीप्रमाणे” हे वाक्य यानंतरच वाचले पाहिजे. मजुराची मजुरी रात्रभर ठेवून घेऊ नये (लेवीय १९:१३) आणि सूर्य मावळण्यापूर्वी ती द्यावी, कारण तो दीन असून त्याचा जीव तीवर लागलेला असतो (अनुवाद २४:१५), अशी नियमशास्त्राची आज्ञा आहे, आणि धनी ती तंतोतंत पाळतो. करार पाळून झाला, नियम पाळून झाला, त्यानंतर त्याची मर्जी सुरू होते. आणि ती जास्त देण्याची मर्जी आहे. कमी देण्याच्या मर्जीला या दाखल्यात आधार नाही. कोणी हे वचन पुढे करून मजुरी दाबू लागला, तर याकोबाच्या पत्रातील शेत कापणाऱ्यांची अडकवून ठेवलेली मजुरी ओरडत आहे हे वचन (याकोब ५:४) त्याच्यापुढे ठेवावे. दोन्ही वचने एकाच नव्या करारातली आहेत.

या दाखल्याशी मिळतीजुळती एक गोष्ट यरुशलेमी तालमुदातही, म्हणजे ज्यू धर्मगुरूंच्या चर्चांच्या जुन्या संग्रहातही, आहे. रब्बी बून बार हिय्या अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षी वारले, तेव्हा त्यांच्यावरील शोकभाषणात रब्बी झेइरा यांनी एका राजाची कथा सांगितली: एका मजुराने दोनच तास काम केले आणि त्याला पूर्ण मजुरी मिळाली, कारण इतरांना दिवसभरात जमले नाही ते त्याने दोन तासांत केले होते. कथा सुंदर आहे आणि त्या प्रसंगी योग्यही आहे. मात्र येशूच्या दाखल्यात अकराव्या तासाच्या मजुरांनी जास्त चपळाईने काम केले, असा एक शब्दही नाही. तो शब्द असता तर कुरकुर करणारे शांत झाले असते.

म्हणजे मत्तय २० मध्ये धनी देवाकडे बोट दाखवतो, असे मी मानतो. ‘स्वर्गाचे राज्य घरधन्यासारखे आहे’ हे आरंभीचे शब्द आणि पेत्राचा प्रश्न दोन्ही तेच सांगतात. विल्यम हर्झॉग यांच्यासारखे काही अमेरिकी अभ्यासक १९९० च्या दशकापासून असे मांडत आले आहेत की हा धनी मजुरांचा अपमान करणारा बडा जमीनदारच आहे आणि येशू पिळवणुकीचे चित्र उघड करून दाखवत आहे. गालिलातील जमीनधारणेबद्दल ते जे लिहितात, ते वाचण्याजोगे आहे. तरीही शेवटच्या मजुरांच्या हातात पडलेला पूर्ण दिनार त्यांच्या मांडणीत नीट बसत नाही, असे माझे मत आहे.

पैसा सोपवणाऱ्या धन्याच्या दाखल्याबाबत मात्र त्या मुलाच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे. नियमशास्त्राने इस्राएली बांधवाकडून व्याज घेण्यास मनाई केली आहे (निर्गम २२:२५, अनुवाद २३:१९), आणि धनी तर म्हणतो की निदान सावकारांकडे ठेवला असतास तर मला व्याजासह मिळाला असता. पैसा जमिनीत पुरणे हाही त्या काळी मूर्खपणा समजला जात नव्हता. पैशाची राखण जमिनीतच होते, असे रब्बी शमुएल यांचे मत तालमुदात नोंदलेले आहे. चौथ्या शतकातील इतिहासकार युसेबियस सांगतात की इब्री लिपीतील एका शुभवर्तमानात हा दाखला वेगळ्या रूपात होता. त्यात एकाने पैसा वाढवला, एकाने तो पुरला आणि एकाने तो वेश्या व बासरीवाल्या बायकांवर उधळला, आणि युसेबियस यांच्या मते कैद उधळणाऱ्याला झाली असावी, पुरणाऱ्याला केवळ बोल लागला असावा. म्हणजे तिसऱ्या दासाला इतकी कडक शिक्षा का, हा प्रश्न सुमारे सतराशे वर्षांपूर्वीही अस्वस्थ करणारा होता. मंडळीत त्या मुलाला हे अवश्य सांगा. आपण विचारलेला प्रश्न पूर्वजांनीही विचारला होता हे कळले की माणूस ऐकायला बसतो.

त्यानंतर त्याला मत्तयाचा क्रम वाचायला लावा. चोविसाव्या अध्यायाच्या अखेरीस विश्वासू दास व दुष्ट दास, मग दहा कुमारी, मग हा दाखला आणि शेवटी मेंढरे व शेरडे, असा ओघ आहे, आणि पहिल्या तिन्ही ठिकाणी धन्याच्या किंवा वराच्या येण्यास विलंब होत आहे. “बऱ्याच काळानंतर” धनी परत येतो, असे येथेही म्हटले आहे. मत्तयाच्या मनातील धनी म्हणजे पुन्हा येणारा मनुष्याचा पुत्र येशू, हे नाकारता येत नाही. पण मग “न पेरता कापणारा कठोर मनुष्य” हे वर्णन कोणाचे? ते तिसऱ्या दासाच्या तोंडी आहे. निवेदकाने धन्याला कोठेही कठोर म्हटलेले नाही. पहिले दोन दास त्याच्याविषयी तसे बोलत नाहीत. त्यांना “आपल्या धन्याच्या आनंदात सहभागी हो” असे ऐकायला मिळते. शिवाय त्याला मिळालेला एक तालांत म्हणजे सुमारे सहा हजार दिनार, मजुराची जवळजवळ वीस वर्षांची कमाई. ज्याने एवढी रक्कम लेखी न घेता हाती दिली, त्याच्याकडे त्या दासाने फक्त भीतीनेच पाहिले. धनी त्याचे शब्द परत उच्चारतो तेव्हा तो ते कबूल करतो की “हे तुला ठाऊक होते काय?” असे विचारतो, हे मूळ हस्तलिखितांत विरामचिन्हे नसल्यामुळे वाचणाऱ्याला ठरवावे लागते. मी प्रश्न म्हणून वाचतो. लूकने दिलेल्या अशाच एका दाखल्यात तर “तुझ्याच तोंडच्या शब्दांवरून मी तुझा न्याय करतो” असे स्पष्टच आहे.

मात्र लूकचा दाखला (१९:११-२७) मत्तयाच्या दाखल्यावर चिकटवू नये. उपदेशात हे दोन्ही फार वेळा एकत्र कालवले जातात. लूकमध्ये धनी हा एक उमराव आहे; तो राज्य मिळवण्यासाठी दूर देशी जातो, आणि हा आमचा राजा नको असे सांगायला नगरवासी त्याच्यामागे आपले प्रतिनिधी पाठवतात. परत आल्यावर तो त्या विरोधकांना आणून आपल्यासमोर ठार करायला लावतो. ही कल्पित कथा वाटत असली, तरी यहूदीयातील कोणत्याही श्रोत्याला ती ओळखीची वाटली असती. हेरोद राजा इ. स. पू. ४ मध्ये मरण पावल्यावर त्याचा मुलगा अर्खेलाव राज्याची मंजुरी घ्यायला रोमला गेला, आणि त्याला विरोध करण्यासाठी यरुशलेमहून पन्नास जणांचे शिष्टमंडळ सम्राट ऑगस्टसकडे गेले, असे इतिहासकार योसेफस सांगतात. अर्खेलावाला निम्मे राज्य मिळाले, राजा ही पदवी मिळाली नाही, आणि इ. स. ६ मध्ये त्याच्या जुलमामुळे ऑगस्टसने त्याला हद्दपार केले. यरीहोतील राजवाडा याच अर्खेलावाने थाटाने पुन्हा बांधला होता, आणि लूकच्या मांडणीत हा दाखला येशू यरीहोतच, जक्कयाच्या भेटीनंतर, सांगतो. श्रोत्यांना राजवाडा माहीत, बांधणारा माहीत आणि त्याच्या हद्दपारीने लोकांची झालेली सुटकाही माहीत.

आता लूक १९:२७ मधील “त्यांना येथे आणून माझ्यादेखत ठार करा” हे शब्द देवाच्या तोंडी घालायचे काय? दाखला का सांगितला हे लूकने अकराव्या वचनातच दिले आहे: येशू यरुशलेमेजवळ आला होता आणि देवाचे राज्य आत्ताच प्रकट होणार असे लोकांना वाटत होते. राज्य मिळायला काळ जाईल आणि त्या काळात दासांनी काम करावे, एवढा मुद्दा त्यातून निघतो. राजाचे क्रौर्य हे अर्खेलावाकडून आलेले आहे. त्यानंतर चौदा वचनांनी येशू यरुशलेम नगर पाहून रडतो, आणि त्याला नको म्हणणारे त्याला मारतात, तो त्यांना मारत नाही. म्हणून लूकमधील राजाला देवाच्या जागी पूर्णपणे बसवणारा उपदेश मला मान्य नाही. काही जुन्या भाष्यांत या वचनाचा संबंध इ. स. ७० मधील यरुशलेमच्या विनाशाशी जोडलेला आढळेल. लूकच्या वाचकांच्या मनात तो आला असेलही, पण त्या आधारावर व्यासपीठावरून कोणा समाजावर बोट रोखणे घातक आहे आणि त्याने पूर्वी पुष्कळ रक्त सांडलेले आहे.

अन्यायी कारभाऱ्याचा दाखला (लूक १६:१-८) प्रचारक बंधूंनी विचारलेला नाही, पण याच प्रश्नात तो पुढे येणार, म्हणून थोडक्यात सांगतो. नोकरी जाणार हे कळल्यावर मुनीम कुळांना बोलावतो, शंभर माप तेलाचे पन्नास आणि शंभर माप गव्हाचे ऐंशी असे खतावर लिहवून घेतो, आणि धनी त्याची वाहवा करतो. धनी देव असेल तर देवाने अफरातफरीची वाहवा केली, असा पेच पडतो. त्यातून सुटण्यासाठी काही अभ्यासकांनी असे सुचवले आहे की मुनिमाने कमी केलेली रक्कम म्हणजे खतात लपवलेले बेकायदा व्याज किंवा त्याची स्वतःची दलाली होती. खान्देशातील सावकारी खते ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे पटकन पटेल. पण दाखल्यात तसे म्हटलेले नाही आणि पेच सोडवायला त्याची गरजही नाही. “कोणी एक श्रीमंत मनुष्य होता” अशी सुरुवात लूकमध्ये याच अध्यायात लाजराच्या गोष्टीलाही आहे (१६:१९), आणि बाराव्या अध्यायातील कोठारे मोडून मोठी बांधणारा मनुष्यही असाच श्रीमंत आहे (१२:१६). त्या दोघांपैकी कोणीही देव नाही. मग हा तिसरा श्रीमंत तरी देव का मानायचा? त्याची वाहवा ही एका व्यवहारी माणसाने दुसऱ्या व्यवहारी माणसाची केलेली आहे, आणि येशू तिचा उपयोग तेवढाच करतो: या युगाचे लोक आपल्या उद्याची इतकी तरतूद करतात, मग प्रकाशाचे पुत्र स्वस्थ का बसतात.

शेवटी प्रचारक बंधूंनी जाता जाता विचारलेली व्यवहाराची गोष्ट. मावचीत, म्हणजे आपल्या भागातील आदिवासी बोलीत, दाखला सांगताना द्राक्षमळ्याऐवजी आपल्याकडचे शेत घ्यावे का? मत्तय २० पुरते जरूर घ्यावे, कारण तेथे मळा हा कामाचे ठिकाण म्हणून आला आहे. मार्क १२ मध्ये मात्र द्राक्षमळाच ठेवावा आणि आधी यशयाचे गीत वाचून दाखवावे, नाहीतर याजकांना राग का आला ते कोणालाच कळणार नाही. मत्तय २० साठी कापसाचे शेत घेतलेत, तर वेचणी घेऊ नका, निंदणी घ्या. वेचणीची मजुरी किलोवर मिळते, तिच्यात उशिरा आलेल्या बाईचा कापूसच कमी भरतो आणि वजनकाट्यावर सगळा प्रश्न संपतो. निंदणी रोजावर असते. आणि वाचताना अध्याय विसावा पहिल्या वचनापासून न उघडता एकोणिसाव्यातील पेत्राच्या प्रश्नापासून सुरुवात करा, आणि जब्दीच्या मुलांच्या आईला येशूने दिलेले उत्तर येईपर्यंत थांबू नका. ज्या बाईंनी प्रश्न विचारला, त्यांनाच हे वाचायला सांगता आले, किंवा त्यांना वाचता येत नसेल तर पेत्राचा प्रश्न आणि मजुरांची तक्रार त्यांच्याच भाषेत मोठ्याने म्हणायला सांगता आली, तर अधिक चांगले.